चिखल आणि मोटारीची वीज

मोटारगाडी चिखलांतून बाहेर पडली म्हणजे चिखलाचा आणि तिचा संबंध संपला, असा आपणां सर्वांचा समज असतो. चाकें मोकळीं झालीं, उतरलेली माणसें पुन्हां आंत बसलीं, पुढें डांबरी रस्ता लागला, कीं आपण त्या प्रसंगाचें नांवहि घेत नाहीं. परंतु गाडीच्या पोटांत गेलेला चिखल बाहेर पडलेला नसतो. तो तेथेंच राहतो, वाळतो, घट्ट होतो, आणि चार दिवसांनीं, आठ दिवसांनीं, कधीं महिन्यानें, एखाद्या रात्रीं घाट उतरतांना आपलें अस्तित्व दाखवितो. चालकापुढील फळीवर बॅटरीचें चित्र असलेला तांबडा दिवा लागतो, पुढील दिव्यांचा उजेड पिवळट होत जातो, आणि गाडींतील मंडळी म्हणतात, “बॅटरी गेली वाटतें.”

श्रोतेहो, अशा प्रसंगीं पुष्कळदां बॅटरी गेलेली नसते. बॅटरीला अन्न पुरविणारें जें यंत्र, ज्याला अल्टरनेटर म्हणतात आणि आपले मेस्त्री लोक अजून जुन्या संवयीनें डायनॅमो म्हणतात, तें चिखलानें आजारी पडलेलें असतें. त्याला काय होतें, तें कसें ओळखावें, आणि त्यावर उपाय कोणता करावा, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि नोकरी शाळामास्तराची; ती सारी सह्याद्रीच्या कुशींतील एका डोंगरी भागांत झाली. आमच्या गांवांत बारा महिने चालणारी अशी एकच गाडी होती, एक जुनी डीझेल जीप. बाजारहाट, लग्नाचें वऱ्हाड, परीक्षेच्या उत्तरपत्रिका आणि आजारी माणूस, सर्व कांहीं तिच्यांतूनच जात असे. जून ते सप्टेंबर तिचा निम्मा रस्ता चिखलाचा. त्यामुळें सुटीच्या दिवशीं मालकाच्या अंगणांत तिची दुरुस्ती चाले, आणि मी हातीं पाना घेऊन शेजारीं बसत असें. तेथें जें डोळ्यांनीं पाहिलें व हातांनीं केलें, आणि मागाहून पुस्तकांशीं पडताळून घेतलें, तेंच आज आपणांपुढें ठेवतों. आतां शहरांतील पुष्कळ कुटुंबांकडे उंच बांध्याच्या गाड्या आहेत, आणि पहिला पाऊस पडला कीं ताम्हिणी, माळशेज, आंबोली या बाजूंस त्यांची रीघ लागते. मुख्य रस्ता सोडून ओढ्यांतून, माळावरून, भातखाचरांजवळच्या कच्च्या वाटेनें गाडी घालण्याची हौसहि वाढली आहे. तेव्हां जी अडचण एके काळीं आमच्या गांवच्या जीपची होती, ती आतां आपल्या घरचीहि झाली आहे.

प्रथम हें यंत्र काय करतें तें पाहूं. १८३१ सालीं मायकेल फॅरडे यानें असें दाखवून दिलें कीं, तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला तर त्या तारेंत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. अल्टरनेटर म्हणजे हाच प्रयोग मिनिटाला हजारों वेळां करणारें यंत्र. त्याच्या मध्यभागीं फिरता विद्युत्चुंबक असतो, त्याला रोटर म्हणतात. त्याच्या भोंवतीं तांब्याच्या तारेचीं वेटोळीं स्थिर बसविलेलीं असतात, तो स्टेटर. एंजिन फॅनबेल्टच्या योगानें रोटरला फिरवितें. एंजिनाचा एक फेरा होतो तेवढ्यांत रोटरचे साधारण दोन ते तीन फेरे होतात. त्या चुंबकाला चुंबकत्व देण्यासाठीं दोन ते पांच अँपिअरांचा लहानसा प्रवाह लागतो. तो कार्बनच्या दोन तुकड्यांवाटे रोटरच्या दांड्यावरील दोन गुळगुळीत कड्यांवर पोंचविला जातो. स्टेटरमध्यें निर्माण होणारी वीज आलटून पालटून दोन्ही दिशांनीं वाहणारी असते. ती बॅटरीला चालत नाहीं. म्हणून मागील बाजूस डायोड नांवाचे भाग असतात, ते झडपेप्रमाणें वीज एकाच दिशेनें जाऊं देतात. या सर्वांवर देखरेख ठेवणारा रेग्युलेटर असतो. एंजिन मंद चालो अथवा वेगानें चालो, विजेचा दाब १४ व्होल्टांच्या आसपास ठेवणें हें त्याचें काम.

जुना डायनॅमो याच्या उलट होता. त्यांत चुंबक स्थिर व वेटोळीं फिरतीं असत, आणि निर्माण झालेला सगळा प्रवाह कार्बनांतूनच बाहेर काढावा लागे. एंजिन मंद असतांना तो फारसें कांहीं देत नसे. सिलिकॉनचे डायोड सुलभ झाल्यावर १९६० सालीं अमेरिकेंतील क्राय्स्लर कंपनीनें आपल्या प्रवासी मोटारींत अल्टरनेटर बसविला, आणि हळुहळू सर्वत्र तोच रूढ झाला. आपल्याकडे महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं विलीज जीप जोडावयास आरंभ केला, त्या काळच्या गाड्यांत डायनॅमोच असे. यंत्र बदललें, पण नांव मेस्त्र्यांच्या तोंडीं राहिलें. नांवावरून वाद घालण्याचें कारण नाहीं. मात्र डायनॅमोच्या काळांतील एक संवय अल्टरनेटरला घातक आहे, ती पुढें सांगेन.

वीज निर्माण करतांना हें यंत्र बरेंच तापतें. तें थंड राहावें म्हणून रोटरबरोबर फिरणारा पंखा आणि कवचाच्या दोन्ही टोकांना लांबट भोंकें ठेवलेलीं असतात. पंखा बाहेरची हवा ओढून आंतून फिरवितो. गाडी रस्त्यावर असते तोंवर हें ठीक. परंतु गाडी चिखलांत गेली कीं तोच पंखा हवेबरोबर चिखलाचे तुषार आंत ओढतो. पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर एंजिनाच्या खालच्या अंगाला बसविलेला असतो, म्हणजे पुढच्या चाकानें उडविलेल्या पाण्याच्या अगदीं वाटेंत.

सर्व चिखल सारखे नसतात. कोंकणांत व गोमंतकांत जांभ्याच्या दगडाची तांबडी माती आहे. तिच्यांत लोहाचीं व ॲल्युमिनियमचीं संयुगें असून बारीक कठीण कण पुष्कळ असतात. ती काचकागदासारखी घांसते. देशावरची काळी माती अति सूक्ष्म कणांची आणि चिकण. ती पाण्यानें फुगते व वाळतांना आकसते. फटींत शिरलेली काळी माती वाळली म्हणजे पानाच्या टोकानें खरवडून काढावी लागते. पहिली माती यंत्र झिजविते, दुसरी तें कोंडते. आपण कोठून आलों हें मेस्त्र्याला सांगितल्यास त्याला काय शोधावयाचें याची दिशा मिळते.

चिखलानें या यंत्राला पांच प्रकारांनीं इजा होते. पहिली पट्ट्याची. ओला चिखल पट्ट्यावर बसला कीं तो पुलीवर घसरतो, किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि रोटर पुरेसा फिरत नाहीं. पट्टा वाळला कीं आवाज थांबतो, म्हणून आपण निश्चिंत होतों. पण पुलीच्या खांचांत राहिलेली रेती पट्टा व पुली दोन्ही खात राहते. दुसरी इजा कोंडमाऱ्याची. हवेचीं भोंकें बुजलीं कीं यंत्र आंतल्या आंत भाजतें. डायोड जळतात, तारांवरील वार्निश करपतें. तिसरी कार्बनांची. कार्बनाच्या तुकड्यामागें लहान स्प्रिंग असते व ती त्याला कड्यावर दाबून धरते. त्या घरांत चिखल वाळला म्हणजे कार्बन अडकतो, कड्याला टेकत नाहीं, आणि चुंबकाचें चुंबकत्वच जातें. चौथी बेअरिंगची. तापलेला अल्टरनेटर एकदम थंड पाण्यांत बुडाला कीं बेअरिंगमधील हवा आकसते आणि सीलच्या कडेनें पाणी आंत ओढलें जातें. ग्रीस बिघडतें, गोळ्यांना गंज चढतो, आणि कांहीं दिवसांनीं जात्यासारखी घरघर सुरू होते. पांचवी इजा तारांच्या सांध्यांची. ओल राहिल्यानें तांब्यावर हिरवट व शिशावर पांढुरका गंज चढतो आणि विजेची वाट अरुंद होते. या पांचांपैकीं पट्ट्याखेरीज कोणतीच इजा त्याच दिवशीं जाणवेल असें नाहीं. म्हणूनच चिखल आणि बिघाड यांचा संबंध आपल्या ध्यानांत येत नाहीं.

आतां परीक्षा कशी करावी तें सांगतों. शाळेंत कोणाहि मुलाला परीक्षा घेतल्याशिवाय नापास करतां येत नाहीं. यंत्रालाहि तोच न्याय असावा. यासाठीं कांहीं शें रुपयांस मिळणारा एक साधा मल्टिमीटर पुरतो.

आरंभ डोळे, नाक व कान यांनीं करावा. एंजिन बंद व थंड असतांना पट्टा, पुली, भोंकें व तारांचे सांधे पाहावे. करपल्याचा वास येतो काय तें पाहावें. पट्टा सैल करून पुली हातानें फिरवावी. ती गुळगुळीत फिरली पाहिजे. खरखर लागली किंवा पुली इकडेतिकडे डुलली तर बेअरिंग गेलें असें समजावें.

मग तांबड्या दिव्याची साक्ष घ्यावी. किल्ली फिरवून एंजिन सुरू न करतां पाहिलें असतां हा दिवा लागला पाहिजे, आणि एंजिन सुरू होतांच विझला पाहिजे. एंजिन चालू असतां दिवा जळत राहिला तर वीज निर्माण होत नाहीं हें उघड आहे. परंतु किल्ली फिरविल्यावर दिवा मुळींच लागला नाहीं, तर त्याचा अर्थ पुष्कळांना कळत नाहीं. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत याच दिव्यांतून जाणारा प्रवाह रोटरला प्रथम जागा करतो. दिवा लागत नाहीं म्हणजे तो स्वतः गेला, त्याची तार तुटली, किंवा कार्बन कड्याला टेकत नाहींत. चिखलानंतर या तिसऱ्या कारणाचा संशय प्रथम घ्यावा. दिवा अगदीं मंद, काजव्यासारखा जळत राहिला तर एखादा डायोड गेला असण्याचा किंवा सांधा गंजल्याचा संभव असतो.

त्यानंतर मल्टिमीटर. गाडी कांहीं तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांमध्यें १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, आणि १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. आतां एंजिन सुरू करून दिवे व पंखा लावावा आणि पुन्हां पाहावें. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आंकडा आला तर अल्टरनेटर काम करीत आहे. आंकडा मूळचाच राहिला किंवा उतरूं लागला तर वीज येत नाहीं. तो १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशी गाडी तशीच चालविली तर बॅटरी उकळून निकामी होते. एक गोष्ट लक्षांत ठेवावी: अलीकडील कांहीं गाड्यांत विजेचा दाब संगणक ठरवितो आणि तो गरजेप्रमाणें मुद्दाम कमीजास्त करतो. तेथें एका आंकड्यावरून निर्णय करूं नये. कंपनीची पुस्तिका पाहावी किंवा संगणकाची नोंद वाचणारें साधन असलेल्या मेस्त्र्याकडे जावें.

वीज येत नाहीं असें ठरलें तरी अल्टरनेटर दोषी ठरत नाहीं. वाटेंत कोठें अडथळा आहे काय, हें पाहणें राहिलेलें असतें. एंजिन चालू व दिवे लावलेले असतां मल्टिमीटरची एक तार अल्टरनेटरच्या मागील जाड खिळ्यावर आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकावर ठेवावी. चांगल्या स्थितींत आंकडा व्होल्टाच्या दोन-तीन दशांशांहून अधिक नसावा. तसेंच अल्टरनेटरचें कवच आणि बॅटरीचें ऋण टोक यांमध्यें दोन दशांशांहून अधिक नसावा. अधिक आला तर सांधा उघडून, घांसून, पुसून पुन्हां आवळावा. हें करतांना सैल कपडे, पदर, अंगठी, घड्याळ फिरत्या पट्ट्याच्या जवळ येऊं देऊं नये.

या एका तपासणीची किंमत किती आहे, तें माझ्या एका आप्ताच्या अनुभवावरून सांगतों. कोंकणांतून भर पावसांत खाचरांच्या वाटेनें त्यांची गाडी आली. आठवड्यानें तांबडा दिवा लागूं लागला. शहरांतील एका मोठ्या गॅरेजनें कांहींहि न मोजतां अल्टरनेटर बदलला आणि जुना भंगारांत टाकला. तिसऱ्या दिवशीं दिवा पुन्हां लागला. पुढें एका गल्लींत लहानसें दुकान मांडून बसलेल्या मोटार-इलेक्ट्रिशियननें मल्टिमीटर लावून दहा मिनिटांत दाखवून दिलें कीं, एंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी विणलेली अर्थची तार चिखल भरून आंतून कुजली होती. त्या तारेची किंमत नव्या अल्टरनेटरच्या किंमतीपुढें नगण्य होती. जुना अल्टरनेटर बहुधा निर्दोषच असावा. पण ती गोष्ट सिद्ध करण्यास तो जाग्यावर नव्हता. पैशाचें नुकसान तर झालेंच, परंतु मला त्याहून अधिक वाईट वाटलें तें न मोजतां निकाल देण्याच्या वृत्तीचें.

आणखी दोन लहान परीक्षा आहेत. जुन्या पद्धतीच्या गाडींत, एंजिन बंद पण किल्ली चालू ठेवून, स्क्रू-ड्रायव्हरचें लोखंडी टोक पुलीच्या मधल्या नटाजवळ न्यावें. ओढ जाणवली तर रोटरला प्रवाह मिळत आहे. न जाणवल्यास कार्बन, रेग्युलेटर किंवा रोटरचें वेटोळें यांपैकीं कशांत तरी खंड पडला आहे. दुसरी परीक्षा डायोडांची. एंजिन चालू असतां मल्टिमीटर प्रत्यावर्ती प्रवाहावर ठेवून बॅटरीचीं टोकें मोजावीं. अर्ध्या व्होल्टाहून अधिक आंकडा आला तर डायोड गेल्याचा बळकट संशय घ्यावा. डायोड फुटला असेल तर उभ्या गाडीचीहि बॅटरी रात्रींतून उतरते, आणि दोष विनाकारण बॅटरीवर येतो.

आतां ती घातक संवय. डायनॅमोच्या काळांत कांहीं चालक एंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून पाहात. गाडी बंद पडली नाहीं तर डायनॅमो ठीक. अल्टरनेटरच्या गाडींत असें कदापि करूं नये. बॅटरीचा आधार एकदम सुटला कीं दाब क्षणांत अनेक पट चढतो, आणि डायोड, रेग्युलेटर व गाडींतील इतर नाजूक साधनें जळून जातात. चांगलें यंत्र परीक्षेंतच मारण्याचा हा प्रकार आहे.

दोष यंत्रांतच आहे असें ठरल्यावर तें उतरवावें. प्रथम बॅटरीचें ऋण टोक सोडावें, कारण अल्टरनेटरच्या जाड खिळ्यांत गाडी बंद असतांनाहि वीज असते, आणि पाना चुकून कवचाला लागला तर मोठी ठिणगी उडते. काम संपल्यावर हें टोक सर्वांत शेवटीं जोडावें. यंत्र उतरवून मेजावर घेतलें कीं कवचाच्या दोन भागांवर आडवी रेघ ओढून खूण करावी, म्हणजे जोडतांना तें मूळच्याच स्थितींत बसतें. पुष्कळ नमुन्यांत कार्बनांचें घर बाहेरून दोन स्क्रू काढून वेगळें करतां येतें. तें आधीं काढून पाहावें. चिखलाचा दोष येथेंच सांपडला तर पुढील खोलण्याचें कारण उरत नाहीं. कार्बन घरांत मोकळेपणानें सरकले पाहिजेत आणि त्यांची बाहेर दिसणारी लांबी पांच मिलिमीटरांहून कमी नसावी. कड्यांवर काळा थर असेल तर अगदीं बारीक काचकागद हलक्या हातानें चोहोंकडून सारखा फिरवावा. खोल चर पडले असतील तर तें काम खरादीवाल्याचें.

रोटरच्या दोन कड्यांमधील रोध साधारण दोन ते पांच ओहम असतो. कडें आणि दांडा यांमध्यें मात्र वीज मुळींच जातां कामा नये. गेली तर वेटोळें आंतून कवचाला लागलें आहे. स्टेटरच्या तारांचाहि कवचाशीं संबंध नसावा. डायोड एका दिशेनें वीज सोडतो आणि दुसऱ्या दिशेनें अडवितो. दोन्ही दिशांनीं सोडणारा अथवा दोन्ही दिशांनीं अडविणारा मेला असें समजावें, आणि मग डायोडांची सबंध पाटी बदलावी हें बरें. तारांच्या वेटोळ्यांना रॉकेलांत किंवा पेट्रोलमध्यें बुडवूं नये, वार्निश खराब होतें. ओल्या ब्रशानें माती काढून, स्वच्छ पाण्यानें विसळून, उन्हांत पूर्ण वाळूं द्यावें आणि मगच मोजावें. ओलें यंत्र खोटी साक्ष देतें.

बेअरिंगबाबत काटकसर करूं नये. आवाज करणाऱ्या बेअरिंगमध्यें ग्रीस भरून वेळ मारून नेली जाते, पण आंत शिरलेली रेती तेथेंच असते. बेअरिंगच्या कड्यावर क्रमांक कोरलेला असतो. त्याच क्रमांकाचें, आणि दोन्ही बाजूंस पत्र्याऐवजीं रबराचें सील असलेलें बेअरिंग मागून घ्यावें. चिखलाच्या गाडीला तेंच टिकतें. तें हातोडीनें ठोकून बसवूं नये. सर्व जोडतांना पुष्कळ यंत्रांत कार्बन मागें दाबून धरण्यासाठीं कवचाला बारीक भोंक ठेवलेलें असतें. त्यांतून तार घालून कार्बन अडकवावे, यंत्र मिटवावें आणि मग तार ओढून घ्यावी. तार काढण्यास विसरलें तर सर्व श्रम व्यर्थ जातात. शेवटीं जुन्या पद्धतीचा पट्टा असेल तर लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्यानें दाबून साधारण १० ते १२ मिलिमीटर वांकेल इतका ताण द्यावा. फार ताणला तर नवें बेअरिंग लौकरच जातें.

हें झालें घरीं बसून करावयाचें. परंतु रस्त्यांतच दिवा लागला तर? आमच्या गांवच्या जीपचा एक प्रसंग मला आठवतो. श्रावणांतील रात्र होती; सातवींतील एका मुलाला सर्पदंश झाला होता. जीप चिखलाच्या वाटेनें निघून घाटाला लागली, आणि तांबडा दिवा लागला. चालक अनुभवी होता. त्यानें गाडी थांबविली नाहीं, कारण बंद केलेली गाडी पुन्हां सुरू होईलच याची खात्री नव्हती. त्यानें आंतला दिवा, पंखा, सर्व मालविलें, सरळ वाटेवर पुढचे दिवे मंद ठेवले, आणि बॅटरींत उरलेली वीज वळणांसाठीं राखली. जीपचें जुनें डीझेल एंजिन एकदां सुरू झालें म्हणजे विजेवर फारसें अवलंबून नसे. तालुक्याच्या रुग्णालयाच्या फाटकांत पोंचेपर्यंत उजेड पणतीएवढा झाला होता, पण जीप पोंचली आणि मुलगा वांचला. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों आदल्या रविवारच्या ओढ्यांतील चिखल कार्बनांच्या घरांत वाळून बसलेला.

या प्रसंगाचें गणित कोणालाहि मांडतां येईल. पुढचे दोन व मागचे दिवे मिळून सुमारें १२० वॅट धरा. १२ व्होल्टांनीं भागलें कीं १० अँपिअर. साठ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर सहा तास पुरेल. परंतु बॅटरी जुनी असते, दाब उतरत जातो. म्हणून निम्मे, म्हणजे तीन तास धरावे. आजच्या गाड्यांत इंधनाचा पंप, संगणक व एंजिनाचा विजेचा पंखा यांना आणखी १०-१५ अँपिअर सहज लागतात. तेथें एक तासाचाच भरंवसा धरावा, आणि तेवढ्या वेळांत वस्ती गांठावी. वातानुकूलन, रेडिओ, मोबाइलला वीज देणें, सर्व बंद करावें. यांत एक अपवाद आहे. पुष्कळ एंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपहि फिरवितो. तांबड्या दिव्याबरोबर उष्णतेचा कांटा चढूं लागला, किंवा सुकाणूं एकाएकीं जड झालें, तर पट्टाच तुटला असें समजून गाडी ताबडतोब सुरक्षित जागीं थांबवावी. नाहीं तर एंजिनच गमवावें लागेल.

या सर्वांहून सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे वेळेवर धुणें. चिखलांतून आल्यावर त्याच दिवशीं, माती ओली असतांनाच, एंजिन निवूं द्यावें, बॅटरीचें ऋण टोक सोडावें, आणि साध्या नळीनें संथ पाणी अल्टरनेटरच्या भोंकांतून गढूळपणा जाईपर्यंत सोडावें. गाडी धुण्याच्या दुकानांतील जोरदार फवारा मात्र त्यावर धरूं देऊं नये. तो सीलमधून पाणी आणि रेती दोन्ही आंत ढकलतो. नंतर पाणी निथळूं द्यावें, पट्टा व पुली पुसावी, तार जोडावी, आणि एंजिन पंधरा-वीस मिनिटें चालवावें, म्हणजे त्याच्या उष्णतेनें ओल निघून जाते. तसेंच जाण्यापूर्वीं आपला अल्टरनेटर किती उंचीवर आहे तें पाहून ठेवावें, एंजिनाखालचें कवच जागेवर आहे याची खात्री करावी, आणि पाण्यापुढें आल्यावर गाडी दहा मिनिटें थांबवून यंत्र निवूं द्यावें. पाण्यांतून जातांना वेग चालत्या माणसाएवढा असावा. लाट उडवीत जाण्यांत मुलांना मौज वाटते, पण ती लाट नेमकी पंख्याच्या तोंडीं जाते.

आजकाल बिघडलेला भाग उघडून पाहण्यापेक्षां नवा बसविणें सोयीचें वाटूं लागलें आहे. कांहीं वेळां तेंच योग्यहि असतें. वेटोळें जळलें असेल तर हट्ट धरण्यांत अर्थ नाहीं. परंतु मोजून पाहिल्यावर नवा भाग घेणें वेगळें, आणि मोजण्याचा कंटाळा म्हणून घेणें वेगळें. जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गांवीं मल्टिमीटर व कावीया घेऊन बसलेला, डायोड आणि कार्बन ओळखणारा एखादा कारागीर अजून आहे. त्याच्याकडे गाडी न्यावी, त्याला आपला प्रवास सांगावा, आणि तो मोजीत असतां घरांतील मुलांनाहि शेजारीं उभें करावें. फॅरडेचा प्रयोग पुस्तकांत वाचलेल्या मुलाला तो आपल्याच गाडींत चाललेला दिसेल. आणि पुढच्या पावसाळ्यांत चिखलांतून परतल्यावर नळी हातांत घेऊन प्रथम तोच पुढें येईल.